मास्तरांनी पुसलेला ठिपका

सकाळी साडेसातला मास्तरांनी होडीची मोटर पुसायला घेतली आणि साडेआठपर्यंत ती इतकी स्वच्छ झाली की चालेना.

मोटरीचा यात काही दोष नव्हता. बिचारी तीस-पस्तीस वर्षं तेलात, धुरात आणि तळ्याच्या पाण्यात नांदलेली. डोक्यावर जड लोखंडी चाक, पोटात एकच पिस्टन, पायाशी पाण्यात फिरणारा पंखा आणि अंगभर काळ्या तेलाचा लेप. मास्तरांच्या सासऱ्यांची ती मोटर. जाताना त्यांनी ती धाकट्या जावयाच्या हाती दिली होती आणि जावयाने ती आजवर नुसती चालवली होती. उघडून पाहिलं नव्हतं. उघडलं नव्हतं तोवर दोघांचं बरं चाललं होतं. पुष्कळ नात्यांचं असंच असतं.

आज मात्र सासूबाई यायच्या होत्या.

तळ्याच्या पल्याड सासूबाई, तळ्याच्या अल्याड दोन लेकी. लेकी म्हणजे दोन डोळे हे खरं, पण मुक्काम एका वेळी एकाच डोळ्यात करता येतो. दरवर्षी सासूबाई दोन महिने अल्याड येत. पलीकडच्या धक्क्यावर ट्रंक ठेवून बसत आणि जो जावई आधी पोचेल त्याच्याकडे जात. त्यावर कुणाला बोलायला जागा नसे. थोरल्या जावयाकडे लाँच होती, पांढरीशुभ्र, भोंगावाली. धाकट्याकडे होडी होती आणि स्वभाव होता.

मास्तर शाळेत भूमिती शिकवत. फळ्यावर हाताने काढलेलं वर्तुळ त्यांना चालत नसे. घरात खिळा ठोकायचा तरी भिंत दोन्ही अंगांनी मोजून मधला बिंदू काढत, आणि तो निघेपर्यंत ज्या तसबिरीसाठी खिळा हवा ती दुसरीकडे लागलेली असे. मोजणारा माणूस चुकत नाही, पण मोजून होईतो वेळ निघून जाते. एका वर्षी ते पेट्रोलात तेल मोजून घालत बसले. पुढच्या वर्षी होडीत पाणी किती साठलं ते मोजत बसले. गेल्या वर्षी धक्क्यावर पोचले तेव्हा सासूबाईंच्या जागी त्यांच्या ट्रंकेचा ओला ठसा तेवढा उरला होता. घरी येऊन मास्तर म्हणाले, "ट्रंक नवी घेतलेली दिसते. चार बोटं लांब आहे." मास्तरीणबाई त्यावर दोन दिवस बोलल्या नव्हत्या.

यंदा त्यांनी मागच्या अंगणाकडची खोली आईसाठी लावून ठेवली होती. खिडकीला पिवळा पडदा, खिडकीशी खाट, खाटेवर नवी गादी. आईला झोपल्या झोपल्या झाड दिसलं पाहिजे म्हणून खाट त्यांनी तीनदा सरकवली होती. रोज संध्याकाळी त्या खोलीत जाऊन नुसत्या उभ्या राहत आणि परत येत.

"अहो, झालं का?" स्वयंपाकघरातून विचारणा झाली.

"झालं. तपासून बघतो."

मास्तरांनी अंगणातल्या लाकडी घोडीवर मोटर अडकवली होती. चाकाच्या खाचेत दोरी गुंडाळली आणि ओढली. मोटर खोकली. पुन्हा ओढली. मोटरीने काळा धूर थुंकला. तिसऱ्यांदा ओढली तेव्हा दोरीने त्यांच्या मनगटाला असा हिसका दिला, जसा सबंध वर्गासमोर कुणी हात झटकून टाकावा.

मास्तरीणबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. मोटरीकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, आणि वाकून आणखी जवळून पाहिलं.

"इथला तांबडा ठिपका कुठे गेला?"

"कुठला?"

"चाकाच्या कडेला होता. मुगाएवढा."

मास्तरांनी हातातल्या फडक्याकडे पाहिलं. काळ्यामध्ये एके ठिकाणी पुसट गुलाबी उमटलं होतं. "तो डाग होता," ते म्हणाले. "जाता जात नव्हता. रॉकेल लावून काढला."

"डाग नव्हता तो. बाबांची खूण होती." मास्तरीणबाई पायरीवर बसल्या. "रोज मोटर काढताना ते त्याच्यावरून बोट फिरवायचे. मगच दोरी ओढायचे. मी लहानपणापासून बघतेय. कधी दुसऱ्यांदा ओढावी लागली नाही त्यांना."

"मग हे आधी सांगायचंस."

"तुम्ही मोटर पुसायला घ्याल हे मला काय माहीत?"

"तूच म्हणालीस, आई येतेय, जरा स्वच्छ दिसू दे."

"ते तुमच्याबद्दल होतं. दाढी करा म्हणून."

मास्तरांनी हनुवटीवरून हात फिरवला. हात काळा होता, त्यामुळे हनुवटीही झाली.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तरी भागलं असतं. पण मास्तरांनी स्वच्छतेच्या भरात चाक उतरवून त्याच्या खालची ताटलीही सैल केली होती. ही ताटली म्हणजे मोटरीचं घड्याळच. पिस्टन वर येत असतो. तो पार वर पोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते. फार आधी पडली तर मोटर लाथ मारते. उशिरा पडली तर नुसती खोकते. तो किंचितपणा ताटली धरून ठेवते. ती इकडची तिकडे झाली होती, आणि कुठे होती हे सांगणारी खूण, मास्तरीणबाईंच्या मते, रॉकेलाच्या फडक्यात गेली होती.

"काळजी करू नकोस," मास्तर म्हणाले. "ठिपक्यावर कशाला अवलंबून राहायचं? आपण मोजून लावू."

'मोजून' हा शब्द ऐकताच मास्तरीणबाईंनी डोळे मिटले.

"अकराला पोचायचंय," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "आईनं पत्रात अकरा लिहिलंय. आत्ता पावणेनऊ होताहेत. होडीला वीस मिनिटं लागतात. ह्या वर्षी जर आई लाँचमध्ये बसली ना, तर त्या गादीवर तुम्ही झोपायचं. एकटं."

मास्तरांनी मोटरीबरोबर आलेलं जुनं पुस्तक काढलं. पुस्तक म्हणत होतं: प्लग काढा, त्या भोकातून आत सळई सोडून पिस्टन कुठे आहे ते पाहा. पिस्टन माथ्यापासून चार मिलिमीटर खाली असताना ताटलीवरचे दोन पॉइंट नेमके उघडले पाहिजेत, कारण ते उघडले की ठिणगी पडते. पॉइंटांमध्ये पातळ कागद धरावा. कागद सुटला की पॉइंट उघडले.

सोपं होतं. सरळ, बारीक, गुळगुळीत सळई तेवढी हवी होती. ती मास्तरांना बाहेरच्या खोलीत खुर्चीवर सापडली. तिच्या अंगावर निळी लोकर होती, ती त्यांनी काळजीपूर्वक काढून ठेवली.

"अहो, सळई सापडली का?" म्हणत मास्तरीणबाई आल्या आणि दारातच थांबल्या. मोटरीच्या भोकात त्यांची विणायची सुई उभी होती. खुर्चीवर आईच्या स्वेटरची उजवी बाही अठ्ठेचाळीस टाके मोकळे टाकून पसरली होती.

"दुसरी सुई तशीच ठेवलीय," मास्तर घाईघाईने म्हणाले.

मास्तरीणबाई पदर खोचून मोटरीसमोर बसल्या. काही वेळा माणूस रागाच्या पलीकडे जातो आणि तिथे गेल्यावर त्याला काम करावंसं वाटतं. "सांगा, काय धरू?"

"चाक फिरव. हळू. ह्या बाजूनं." मास्तरांनी पुस्तकातल्या चित्रातला बाण दाखवला. "मी सुई बघतो आणि कागद ओढतो. पातळ कागद मी घेतलाय फळीवरचा."

त्यांनी कागदाची पट्टी पॉइंटांमध्ये सरकवली. चाक फिरलं, सुई वर आली, माथ्यापासून चार मिलिमीटर राहिले. मास्तरांनी ताटली केसभर सरकवली. पट्टी अलगद सुटली.

"बघ," मास्तर म्हणाले. "बरोबर चार. पाव मिलिमीटरचाही फरक नाही."

पण मास्तरीणबाई पट्टीकडे बघत होत्या. तिच्यावर अक्षरं होती. ओळखीची, उभी, शाई वाचवून लिहिलेली.

"हा कुठला कागद फाडलात?"

"फळीवरचा. पत्राचा होता, पण खालची कड कोरी होती."

"मागून कोरी नव्हती." सासूबाईंना कागद वाया घालवणं म्हणजे अन्न टाकण्यासारखं वाटे, त्या कडेला, पाठीला, कोपऱ्यात, जिथे जागा दिसेल तिथे लिहीत. मास्तरीणबाईंनी तेलकट पट्टी उजेडात धरली आणि वाचली. "'अकरा वरती लिहिलंय ते ताईच्या घरी पत्र दाखवलंस तर म्हणून. थोरल्यांना साडेदहा सांगितलंय. तुम्ही दहालाच या. यंदा तरी.'"

घड्याळात साडेनऊला सात मिनिटं कमी होती.

"यंदा तरी," मास्तरीणबाई पुन्हा म्हणाल्या, ह्या वेळी हळू. "म्हणजे तिलाही..." आणि पुढचं त्यांनी पट्टीबरोबर घडी करून कमरेला खोचलं.

मास्तरांनी भराभर ताटलीचा पेच आवळला, प्लग बसवला. होडीवर न्यायच्या आधी एकदा चालवून पाहणं भाग होतं. अंगणात पाण्याचा मोठा ड्रम भरलेला होता. त्याच्या काठाला मोटर अडकवली, पंखा पाण्यात. पंख्याने फेकलेलं पाणी मागच्या भिंतीवर जाईल अशी दिशा मास्तरांनी मुद्दाम साधली. आवाज ऐकून शेजारचे नळवाले कुंपणापाशी आले. दुसऱ्याचं यंत्र उघडलेलं असताना ते घरात बसू शकत नसत.

"मास्तर, ताटली कुणी हलवली?"

"मीच. मोजून."

"मग मी थोडा मागे उभा राहतो," नळवाले म्हणाले.

मास्तरांनी दोरी ओढली. मोटरीने हिसका दिला, दोरी त्यांच्या हातातून निसटून कुंपणावर पडली, आणि त्याच क्षणी मोटर धडधडायला लागली. एकसारखी, गोड, न खोकता. मास्तरांच्या काळ्या चेहऱ्यावर हसू उमटलं. मग ड्रममधलं पाणी उठलं. ते मागच्या भिंतीकडे गेलं नाही. समोर आलं, मास्तरांच्या डोक्यावरून गेलं, आणि उघड्या खिडकीतून, पिवळ्या पडद्याला बाजूला सारून, सरळ खोलीत शिरलं.

मास्तरांनी मोटर बंद केली. खोलीच्या आतून ठिबकल्याचा आवाज येऊ लागला.

"पाणी उलट्या बाजूला का आलं?" नळवाल्यांनी विचारलं.

"ड्रम गोल आहे," मास्तर चष्मा पुसत म्हणाले. "गोलाला उलट-सुलट बाजू नसते."

"पंख्याला असते," नळवाले म्हणाले. पण तोवर मास्तर मोटर खांद्यावर टाकून काठाकडे निघाले होते. मास्तरीणबाई एकदा खोलीत डोकावल्या. नवी गादी भिजलेल्या भाकरीसारखी झाली होती. त्यांनी दार लोटून घेतलं आणि नवऱ्याच्या मागून धावल्या.

पावणेदहाला होडी पाण्यात होती. तळं शांत होतं, पलीकडचा धक्का दूर काडीसारखा दिसत होता. मास्तरीणबाई पुढच्या फळीवर बसल्या, मास्तर मागच्या. दोरी ओढली, मोटर पहिल्याच हिसक्याला लागली, मास्तरांनी धक्क्याकडे नजर लावली. आणि धक्का लांब जायला लागला.

"अहो, आपण मागे चाललोय."

"भास असेल. पाण्यावर होतं असं."

होडी मागच्या अंगाने लव्हाळ्यात शिरली आणि थांबली. लव्हाळ्यातून दोन बदकं निघून गेली.

"हा भास मला टोचतोय," मास्तरीणबाई पाठीमागची काडी काढत म्हणाल्या.

मास्तरांनी मोटर बंद केली, वल्ह्याने होडी बाहेर काढली, पुन्हा सुरू केली. होडी पुन्हा तितक्याच आज्ञाधारकपणे मागे निघाली. सगळं बरोबर होतं. आवाज बरोबर, धूर नाही, वेग नेहमीपेक्षा बरा. फक्त दिशा. मास्तर कपाळाला हात लावून बसले. खिशातून त्यांनी कोनमापक काढलं.

"ते ठेवा आत," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्या उठल्या, होडी डुलली, आणि त्या फळीवर तोंड फिरवून बसल्या. "होडी वळत नसेल तर आपण वळू. तिला मागेच जायचंय ना? जाऊ दे मागे. तिची पाठ धक्क्याकडे करा. फिरून बसा."

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मास्तरांना इतकी सोपी सिद्धता कुणी दिली नव्हती. ते फिरून बसले.

आणि मग तळ्यावरून ती वरात निघाली. सगळ्यात पुढे मोटर, तिच्यामागे मास्तर, त्यांच्यामागे मास्तरीणबाई, आणि शेवटी होडीचं टोकदार नाक, शेपटासारखं. होडीचा मागचा भाग सपाट असतो, तो पाणी कापत नाही, ढकलतो; ढकललेलं पाणी दर लाटेला मास्तरांच्या मांडीवर येऊन बसे. सुकाणूची दांडी उजवीकडे केली की होडी कुठे जाईल याचं गणित ते दर वेळी नव्याने मांडत, आणि उत्तर येईपर्यंत होडी स्वतःच काहीतरी ठरवून टाके. जाळं टाकून बसलेला एक म्हातारा बराच वेळ बघत राहिला.

"मास्तर, पुढे चाललाय का मागे?"

"पलीकडे," मास्तरीणबाईंनी उत्तर दिलं.

अर्ध्या वाटेवर भोंगा ऐकू आला. डावीकडून पांढरी लाँच येत होती. मास्तरीणबाईंनी कमरेची पट्टी काढून हातात घट्ट धरली. वेळेचं त्यांनी विचारलं नाही. मास्तरांनीही सांगितलं नाही. त्यांनी फक्त मोटर होती तेवढी मोकळी सोडली, आणि मोजायचं जे काय होतं ते आयुष्यात प्रथमच सोडून दिलं.

धक्क्यावर सासूबाई ट्रंकेवर बसल्या होत्या. ताठ, पांढरं लुगडं, मांडीवर पिशवी. त्या बघत नव्हत्या, ऐकत होत्या. मान किंचित कलती, पाळण्यातलं मूल जागं झालं की काय हे दुसऱ्या खोलीतून ओळखणाऱ्या बाईसारखी.

होडी पार्श्वभागाने धक्क्याला आपटली. पाठोपाठ लाँचही लागली, अलगद. थोरले जावई पांढरी टोपी सारखी करत उतरले. माणूस मनाचा चांगला होता. तीच तर अडचण होती.

"मास्तर, हा कुठला प्रकार?"

"प्रयोग," मास्तर म्हणाले. त्यांच्या कमरेखाली तळं होतं आणि वर ग्रीस.

"आई, चला. लाँचमध्ये गरम चहा ठेवलाय. ट्रंक मी घेतो."

सासूबाई उठल्या नाहीत. त्या मोटरीकडे बघत होत्या. "जावईबापू," त्या मास्तरांना म्हणाल्या, "चाक कुठल्या अंगानं फिरवून मोजलंत?"

"पुस्तकातल्या चित्रात बाण आहे, तसंच."

"चित्र वरून काढलंय का खालून?"

मास्तरांच्या डोळ्यांसमोर ते चित्र आलं. त्यात पंख्याचं टोक आधी होतं आणि चाक मागे. खालून. वरून पाहिलं तर बाण उलटा. इतकी वर्षं मुलांना ते सांगत आले होते की आकृती काढताना आपण कुठून बघतोय ते आधी लिहा.

"मोजलंत बरोबर," सासूबाई म्हणाल्या. "फिरवलंत उलटं. आता ही उलटी चालायला अगदी नीट लागलीय. ह्याच्याहून नीट कुणाला जमायचं नाही."

"आई," मास्तरीणबाई होडीतूनच म्हणाल्या, आणि पुढे त्यांना सगळं एकदम सांगावंसं वाटलं. "गादी भिजलीय. स्वेटरला बाही नाही. तुझं पत्र फाडलंय. बाबांचा ठिपका पुसलाय. आणि आम्ही दहाला यायचं तर कळलं साडेनऊला. तू लाँचमधनं जा. तिकडे कोरडं तरी आहे."

सासूबाईंनी थोरल्या जावयाकडे वळून पाहिलं. "तुमची लाँच फार छान आहे हो. तुमचं घरही छान. तीन वर्षं राहिले, काही म्हणजे काही कमी नाही. सगळं आपलं आपलं चालतं. मला हात लावायला काही उरतच नाही." त्या उठल्या, चपला काढून हातात घेतल्या. "ट्रंक होडीत ठेवा. आणि तो चहा द्या इकडं, हे दोघं गारठलेत. कुणाकडे स्क्रू पिळायला काही आहे का?"

थोरल्यांनी चहा आणि पेचकस दोन्ही दिलं, आणि टोपी काढून स्वतःही बघायला बसले.

सासूबाईंनी चाकाखाली हात घातला, पेच सैल केला आणि ताटलीची बाहेर आलेली दांडी अंदाजाने मागे ढकलली. "ओढा." मास्तरांनी ओढलं. मोटर लागली, अडखळत, लंगडत. सासूबाईंनी डोळे मिटले, दांडीवर दोन बोटं ठेवली आणि खालच्या आवाजात गायला लागल्या:

वल्ह्या रे माझ्या वल्ह्या, हळू पाण्याला शिव,
पल्याडच्या काठी माझा टांगलेला जीव...

मोटर गाण्याच्या मागे पडत होती. सासूबाईंनी दांडी केसभर सरकवली. मोटर गाण्याच्या पुढे धावली. केसभर मागे. आणि मग तिसऱ्या खेपेला ती गाण्यात येऊन बसली, जशी दमलेली लेक आईच्या मांडीत बसते.

घाई नको माझे बाई, पाणी कुठं पळतं,
घराकडं तोंड ज्याचं, त्याचं वल्हं वळतं.

"पेच आवळा," सासूबाई म्हणाल्या.

होडी नाकासमोर घराकडे निघाली. मास्तर मागे बसले होते, पुढे बघत होते, आणि हे दोन्ही एकाच वेळी घडतंय याचं त्यांना नवल वाटत होतं. बऱ्याच वेळाने त्यांनी धीर केला.

"आई, तो ठिपका. माझ्याकडून पुसला गेला. त्यांची खूण होती ती."

"खूण कसली," सासूबाई म्हणाल्या. "नेलपॉलिश होतं माझं. मोटर घेतली त्या दिवशी होडीत बसले, नखं रंगवायला घेतली, ह्यांनी दोरी ओढली आणि सगळी बाटली उपडी. बाकीचं धुऊन निघालं. तेवढा ठेवा म्हणाले."

"मग बाबा रोज त्याच्यावरून बोट फिरवायचे ते?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

सासूबाई पाण्याकडे बघत राहिल्या. "ते काय, फिरवायचे," त्या म्हणाल्या. मग पाण्यात हात बुडवत, "पुसला तर पुसला. बोटच राहिलं नाही, ठिपक्याचं काय घेऊन बसायचं. बाजारात गेलात की तांबडी बाटली आणा एक, जावईबापू. ह्या वेळी नखांनाच लावीन."

गादी वाळायला चार दिवस लागले. बाहीचे टाके सासूबाईंनी स्वतः उचलले, आणि उचलताना जावयाला सुई कशी काढायची नसते ते दाखवलं. मास्तरांनी गुपचूप कोनमापक लावून त्यांची ताटली तपासली. पुस्तकात सांगितल्यापेक्षा अर्धा अंश फरक होता. त्यांनी तो सांगितला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तेवढा गाण्याचा." तरी मास्तरांना खुणेवाचून चैन पडेना. त्यांनी चाकावर आणि ताटलीवर खडूने एक सरळ पांढरी रेघ ओढून ठेवली. तांबडी बाटलीही आली. सासूबाईंनी आधी लेकीची नखं रंगवली, मग आपली. रोज सकाळी मायलेकी मोटरीशी बसत. एक गाई, एक दांडी सरकवे, आणि मास्तर शाळेला वेळेवर जात, कारण घरात मोजायला कुणी त्यांना विचारतच नसे.

दोन महिने म्हणता म्हणता संपले. लाँच रंगकामासाठी काठावर ओढलेली होती, म्हणून पल्याड पोचवायचं काम मास्तरांकडे आलं. त्या सकाळी ते अर्धा तास आधी तयार होते, दाढी करून. ट्रंक ठेवली. सासूबाई बसल्या. मास्तरीणबाई पाठीमागे हात बांधून काठावर उभ्या राहिल्या.

मास्तरांनी दोरी ओढली. मोटर पहिल्या हिसक्याला लागली, गोड, एकसारखी, न खोकता. आणि होडी मागच्या अंगाने लव्हाळ्यात शिरली.

दोन बदकं निघून गेली.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या. फारसं वाईट वाटल्यासारखा आवाज नव्हता. "नीट करायला दिवस लागतील ना?"

मास्तरांनी वाकून पाहिलं. खडूची रेघ स्वच्छ पुसलेली होती. ताटली सरकली होती, आणि तीही भलतीकडे नव्हे. अगदी तिथे, जिथे त्यांनी स्वतः दोन महिन्यांपूर्वी पाव मिलिमीटरचाही फरक न ठेवता लावली होती. त्यांनी वर पाहिलं. मास्तरीणबाई कपाळावरचे केस मागे सारत होत्या. तांबड्या नखाच्या कडेला बारीक काळं ग्रीस होतं, आणि ग्रीसवर पांढरा खडू.

"काय झालं असेल हो?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

मास्तरांनी खिशातून कोनमापक काढलं. त्याच्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि ते परत खिशात ठेवून दिलं.

"असं बघून नाही सांगता येत," ते ट्रंक उचलत म्हणाले. "मोजावं लागेल. आणि मोजायला मला किती वेळ लागतो, तुला ठाऊकच आहे."